पाच वॅटचा वाळलेला आवाज

गिटारचा कुठलाही अ‍ॅम्प मागून उघडून समोर ठेवा, तो किती पाण्यात आहे ते श्रीहरी साने चुटकीसरशी सांगेल! हे लोकांचं मत नव्हतं, खुद्द श्रीहरीचं होतं. जपानमधल्या त्सुकुबातल्या एका संशोधन संस्थेत तो धातूंच्या पातळ थरांवर काम करायचा, पण जीव सगळा गिटारमध्ये. पुण्याला कॉलेजच्या बँडमध्ये होतो, असं तो सगळ्यांना सांगे. होताच. रिक्षातून अ‍ॅम्प उतरवून घ्यायचं काम त्याच्याकडे असे, एवढं मात्र तो सांगत नसे.

संस्थेच्या बोनेन्काईत, म्हणजे वर्ष संपतानाच्या पार्टीत, तो नेमका गटप्रमुख कुराता-सानांच्या शेजारी बसला. कुराता-सानही गिटारवेडे. एक कारागीर घरच्या घरी छोटे, पाच वॅटचे, जुन्या रेडिओसारखे व्हॉल्व्ह लावलेले अ‍ॅम्प हाताने बनवतो आणि किंमत अशी सांगतो की ऐकूनच घाम फुटावा, असं ते म्हणाले. एवढे पैसे द्यावेत की नाही, कळत नव्हतं त्यांना.

"माझ्याकडे आणा!" श्रीहरीने छातीवर हात मारला. पोटात उमेशू, म्हणजे जपानी प्लमची गोड दारू, गेली होती, तीच बोलत होती. "ट्रान्सफॉर्मर किती वजनदार, सोल्डरिंग कसं, पेटीचे सांधे कसे, एवढं बघितलं की सांगतो, माल आहे की नुसतं नाव!"

"होओओ!" कुराता-सान म्हणाले. खरोखर प्रभावित झाले हो ते!

सकाळी उमेशू उतरली आणि आपण काय बोलून बसलो ते श्रीहरीला आठवलं. त्याचं कॉन्ट्रॅक्ट मार्चअखेर संपत होतं. ते वाढवायची शिफारस कुराता-सान करणार होते. कॉन्ट्रॅक्ट गेलं की व्हिसा गेला, घर गेलं, लेकीची, मितालीची, शाळा गेली. अ‍ॅम्पच्या बाबतीत हा माणूस थापाड्या निघाला, तर धातूंच्या बाबतीतही असेल, असं त्यांना वाटलं तर?

"मग सांगून टाक ना, की मला फारसं कळत नाही," त्याची बायको सुप्रभा म्हणाली.

"आता? आता कसं सांगणार!"

जानेवारीतल्या एका शनिवारी कुराता-सान हजर झाले. एका हातात गिटार, दुसऱ्या हातात कापडात गुंडाळलेला अ‍ॅम्प. कारागिराने तो महिनाभर वापरून बघायला दिला होता.

"पाच वॅट?" सुप्रभाने मराठीत विचारलं. "अय्या, आपल्या बाथरूमचा दिवासुद्धा याहून मोठा आहे! वाजवा म्हणावं बिनधास्त."

श्रीहरीने मागची फळी काढली. चेहरा अगदी डॉक्टरचा. काम खरंच देखणं होतं! एकेक वायर हाताने वळवून बसवलेली. सोल्डरिंगचे ठिपके चकचकीत. ट्रान्सफॉर्मर उचलून बघावा तर मनगट दुखेल. पेटीच्या कोपऱ्यांना एकही खिळा नाही, लाकडाचे दात एकमेकांत अडकवलेले. फक्त स्पीकर तेवढा विचित्र वाटला. त्याचा कागद तपकिरी पडला होता, कडेला पार ठिसूळ दिसत होता. नव्या अ‍ॅम्पात हा असला स्पीकर? पण श्रीहरी गप्प बसला. माहीत नसलेल्या गोष्टीवर गप्प बसण्याचं शहाणपण त्याला त्या दिवशी पहिल्यांदाच सुचलं, आणि तेच नडलं.

कुराता-सानांनी गिटार जोडली आणि तारा छेडल्या. स्वयंपाकघरातले चमचे थरथरले! पाच वॅट म्हणजे काय ते सुप्रभाला समजलं. खालच्या मजल्यावरच्या जपानी काकू आता वर येतात, म्हणून ती दाराकडेच बघत बसली.

कुराता-सानांनी डोळे मिटले. दातांतून 'स्स्स' करून हवा आत ओढली. मग खोल, दुःखी आवाजात म्हणाले, "कारेतेरु नाऽऽ..."

श्रीहरीने दचकून अ‍ॅम्पकडे पाहिलं.

त्याचं जपानी बेताचंच होतं, पण हा शब्द त्याला पक्का ठाऊक होता. मागच्या उन्हाळ्यात बाल्कनीतली तुळस जळून गेली, तेव्हा याच खालच्या काकू हळहळल्या होत्या, "कारेचात्ता ने!" वाळली, मेली, संपली! म्हणजे अ‍ॅम्प वाळला होता. आणि त्यात हात घातला होता कुणी? श्रीहरी सान्याने!

"सुमिमासेन! माफ करा!" तो कंबरेत वाकला. "मी बघतो. नीट बघतो!"

"हो, हो, सावकाश बघा," कुराता-सान डोळे पुसत म्हणाले. डोळे पुसत होते ते! "ओमाकासे शिमासु, साने-सान." सगळं तुमच्यावर सोपवलं. पुढच्या शनिवारी येतो, एवढं बोलून, अ‍ॅम्प तिथेच ठेवून ते निघून गेले.

"रडले गं ते," श्रीहरी मटकन खाली बसला. "मेला त्यांचा अ‍ॅम्प. माझ्या हातून मेला!"

"पण वाजत तर होता," सुप्रभा म्हणाली. "चांगला दणदणीत वाजत होता!"

"तुला नाही कळायचं त्यातलं!"

हे वाक्य नवऱ्याने उच्चारलं की पुढे काय होतं, हे वाचकांना सांगायला नको. रविवारी पहिल्याच गाडीने श्रीहरी टोकियोच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, अकिहाबाराला, पोचला. दुकानं उघडेपर्यंत शटरसमोर येरझारा घालत राहिला आणि एक नवाकोरा, काळाभोर, कडक कागदाचा स्पीकर घेऊन आला. जुना काढला, नवा बसवला. तार छेडली. आवाज असा खणखणीत की काचेवर रुपया टाकावा! श्रीहरीला त्या रात्री शांत झोप लागली. आठवड्याभरातली ती शेवटचीच.

कारण सोमवारीच, संस्थेत जेवताना, एक जपानी सहकारी सहज बोलून गेला, "कुराता-सान तुमची फार स्तुती करत होते. शिफारशीचं पत्र ते शनिवारनंतर लिहिणार आहेत म्हणे." शनिवारनंतर! म्हणजे परीक्षा अजून संपलीच नव्हती. त्या दिवसापासून श्रीहरी रोज घरी येऊन स्पीकरचे स्क्रू आवळत बसे.

शनिवारी कुराता-सान आले. गिटार जोडली. एक सूर वाजवला आणि थांबले. दुसरा वाजवला, परत थांबले.

"गेन्की देसु ने," ते म्हणाले. भलताच तरतरीत झालाय की!

"हो ना!" श्रीहरीला गगन ठेंगणं झालं. "वाळला होता तो! मी स्पीकरच बदलून टाकला!"

कुराता-सानांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

"स्पीकर... बदललात?"

"तुम्हीच म्हणालात ना, कारेतेरु!"

मग कुराता-सानांनी, एकदाही आवाज न चढवता, समजावून सांगितलं. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं श्रीहरीला! झाड कारेतेरु म्हणजे मेलं, हे बरोबर. पण गिटारचा आवाज कारेतेरु म्हणजे त्यातला ओलसरपणा, हिरवेपणा सगळा निघून गेला, उरला तो नुसता अर्क. याहून मोठी स्तुती गिटारवाल्यांच्या भाषेत नाही. कारागिराने तो स्पीकर एका जुन्या, मोडीत निघालेल्या रेडिओतून मिळवला होता. अ‍ॅम्पची अर्धी किंमत त्याचीच होती.

सुप्रभाने कपाळावर हात मारला. "अरे, म्हणजे मुरलेला आवाज! आणि तू मुरलेलं लोणचं ओतून देऊन बरणीत कच्च्या फोडी भरल्यास!"

"ओतलं कुठे? जुना स्पीकर आहे ना! कुठे ठेवलास?"

सुप्रभाचा चेहरा पडला. कचऱ्याच्या वर्गीकरणात अख्ख्या इमारतीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. "मोएनाइ गोमी," ती पुटपुटली. न जळणारा कचरा. "आज सकाळीच. लोखंड वेगळं केलं, कागद वेगळा केला..."

श्रीहरी तसाच धावला. संडासातल्या सपाता पायात होत्या, त्याही त्याच्या लक्षात आल्या नाहीत! कचऱ्याच्या जागी कावळे येऊ नयेत म्हणून घालायची जाळी तेवढी नीट घडी घालून ठेवलेली. गाडी केव्हाच गेली होती. तो तिथेच उभा राहिला. मार्च, व्हिसा, मितालीची शाळा, सगळं त्या गाडीतून गेलं होतं.

परत आला तेव्हा कुराता-सान चहा पीत बसले होते. श्रीहरी गुडघे टेकून बसला. "चूक माझी आहे. कारागिराला मी स्वतः जाऊन सांगतो. वाटेल ती शिक्षा..."

"छे, छे. ओमाकासे मीच म्हणालो होतो." कुराता-सानांनी सुस्कारा सोडला. "असा उघडलेला अ‍ॅम्प आता परत कसा करणार? मला घ्यावाच लागेल." मग ते जरा पुढे सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगू, साने-सान? तो परतच करायचा होता मला. माझ्या बायकोने घरात आणखी एकही अ‍ॅम्प आणायला सक्त मनाई केलीय. हा घरी गेला तर बाहेर मी राहीन."

"मग?"

कुराता-सानांची नजर खोलीभर फिरली आणि अंथरूण-पांघरूण ठेवायच्या ओशिइरेवर, त्या खोल कपाटावर, स्थिरावली. त्यांनी सरकतं दार उघडून आत डोकावून पाहिलं. हाताने रुंदी मोजली.

"इथे राहू शकेल. दर शनिवारी येऊन वाजवत जाईन मी," ते म्हणाले. "तुम्ही त्सुकुबात आहात तोवर."

"पण माझं कॉन्ट्रॅक्ट तर मार्चअखेर..."

"ते कसं चालेल!" कुराता-सान दचकलेच. "तीन वर्षं तरी हवीत. सोमवारी पत्र देतो!"

ते गेल्यावर श्रीहरी बराच वेळ गाद्यांच्या ढिगाऱ्यात बसून होता. गाद्या आता बाहेर आल्या होत्या आणि अ‍ॅम्प आत गेला होता. हळूहळू त्याची कॉलर ताठ झाली.

"बघितलंस? तीन वर्षं! शेवटी कामाची कदर होतेच!"

"होते ना," सुप्रभा गाद्या रचत म्हणाली. "आपल्या कपाटाची."