बापटांची तान्सू

बापटांच्या घरी चहाच्या आधी पांढरे सुती हातमोजे मिळतात. ते घातल्याशिवाय त्यांच्या तान्सूला हात लावता येत नाही, आणि तान्सूला हात लावून कौतुक केल्याशिवाय चहा येत नाही. सिंगापुरात सेरंगूनच्या आमच्या कॉन्डोत मी त्यांच्या समोरच्याच दारात राहतो, त्यामुळे माझी जोडी वेगळी ठेवलेली आहे.

तान्सू म्हणजे जुनी जपानी खणांची पेटी, छातीइतकी उंच. बापट जुरोंग ईस्टला एका कंपनीत सॉफ्टवेअरचं बघतात, पण ते आपलं पोटापुरतं. खरा जीव या किरी नावाच्या हलक्या, फिकट लाकडात. त्याला पॉलिश नाही, सांध्यांत लोखंडी खिळा नाही.

"वरचा खण लावा," ते मला सांगतात. मी लावतो. आतल्या हवेच्या दाबाने खालचा खण अलगद बाहेर येतो, इतकं ते काम नेटकं आहे. हे मी निदान चाळीस वेळा पाहिलंय आणि दर वेळी "अरे वा" म्हटलंय. आमच्या घरातले खण लावायला गुडघा लागतो, तेव्हा मला बोलायला जागा नाही.

"तिला घाई चालत नाही," हे त्यांचं पालुपद. तिला ऊन चालत नाही, उदबत्ती चालत नाही, पाहुण्यांची पोरं तर मुळीच नाहीत. एसीसुद्धा तिच्या तब्येतीला मानवेल तेवढाच लागतो. बापट स्वतः घामाघूम. पन्नाशी आली तरी यांनी लग्न कसं नाही केलं, असं आमच्या हिने एकदा विचारलं, तेव्हा मी तिला ती पेटी दाखवली.

गेल्या वर्षी पुण्याहून त्यांच्या आई आल्या. ऐंशीच्या, पण तुरतुरीत. खंडेनवमीला बापट ऑफिसात गेल्यावर त्यांनी लॅपटॉप, मिक्सर, वॉशिंग मशीन यांची साग्रसंगीत पूजा केली. मुलाची सगळ्यांत लाडकी वस्तू कशी सोडायची, म्हणून तान्सूवरही ओल्या हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली. कोऱ्या लाकडाने रंग पिऊन टाकला.

बापट ओरडले नाहीत. नुसतं "बरं" म्हणाले आणि आई परत जाईपर्यंत त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. मला बापटांचा भयंकर राग आला होता.

पुढे आईंचं हृदय कुरकुरायला लागलं आणि डॉक्टरांनी विमानप्रवास कायमचा बंद केला.

परवा रविवारी यिशुनहून टॅन अंकल आले. हे म्हातारे सुतार जुन्या तान्सू दुरुस्त करतात; बापट कित्येक महिने त्यांच्या विनवण्या करत होते. अंकलनी डागावर अंगठा फिरवला आणि रंधा काढला. "हाफ अवर ओन्ली, लाह. वन थिन लेअर, ऑल गॉन."

तेवढ्यात आईंचा फोन आला. बापटांनी तो स्पीकरवर टाकला.

"अवी, निघाला का रे तो डाग? दर रविवारी विचारते, तू उडवून लावतोस. माझ्या जिवाला लागून राहिलंय."

बापट त्या पाच बोटांकडे बघत राहिले. मग त्यांनी टॅन अंकलचा रंधा धरलेला हात हळूच बाजूला केला. माझा उरलासुरला राग तिथेच विरघळला.

"निघाला, आई," ते म्हणाले. "आत्ताच निघाला. कुठे होता तेसुद्धा आता सापडत नाही."