अस्वलसाहेबांचं दार

मुलांनो, एका जंगलात ओढ्यावर नवा बंधारा झाला होता. त्याची व्यवस्था पाहायला बर्फाच्या मुलखातून एक पांढरं अस्वल साहेब म्हणून आलं. राखणीला साळोजी नावाचं साळिंदर होतं. साळोजीचं बीळ बंधाऱ्याच्या अगदी खाली. बिळात बायको आणि दोन पिल्लं.

एका सकाळी साळोजीला बंधाऱ्यात खेकड्याने पाडलेलं भोक दिसलं. काटा जाईल एवढंच, पण पाणी झिरपत होतं. तो तडक साहेबांच्या घरी गेला.

आता त्या जंगलाची एक रीत होती. वाईट बातमी आल्या आल्या सांगायची नाही. आधी बसायचं, प्रकृती विचारायची, चहा घ्यायचा. मग "येतो" म्हणून उठायचं, उंबरठ्याशी थांबायचं आणि "हां, एक राहिलंच," म्हणून खरं काय ते सांगायचं.

साळोजीने चहा घेतला. गावाकडे बर्फ कसा काय पडतोय, विचारलं.

"येतो, साहेब."

"या," साहेब म्हणाले आणि त्यांनी दार लावलं. त्यांच्या मुलखात उठलेला पाहुणा म्हणजे गेलेला पाहुणा. दार उघडं ठेवलं तर घर गोठतं.

"हां, एक राहिलंच," साळोजी दाराला म्हणाला.

"सांगितलंत?" बिळात परतल्यावर बायकोने विचारलं.

"सांगत होतो. दार लागलं."

"मग वाजवायचं."

"निरोप घेतल्यावर? बरं दिसतं का ते?"

"आणि पिल्लं पोहताना बरी दिसतील?"

साळोजी दुसऱ्या दिवशी गेला. तिसऱ्या दिवशीही गेला. चहा चांगला असे. भोक मुठीएवढं झालं.

राखणदार रोज येतो आणि खट्टू होऊन जातो, हे साहेबांच्या लक्षात आलं. साहेब मनाने चांगले. त्यांनी म्हाताऱ्या घुबडाला इथल्या चालीरीती विचारल्या.

"पाहुण्याला पोचवायला जावं, साहेब," घुबड म्हणालं. "जितकं लांब जाल, तितका त्याचा मान."

चौथ्या दिवशी साळोजी उठला, तसे साहेबही उठले. उंबरठ्याशी साळोजी थांबणार, तोच साहेब म्हणाले, "चला, पोचवतो."

अंगण संपलं. फाटक मागे पडलं. साहेब काही मागे फिरेनात. ते फिरल्याशिवाय निरोप होईना, आणि निरोप झाल्याशिवाय साळोजीला मुद्द्यावर येता येईना.

हवापाण्याच्या गप्पा मारत दोघं बंधाऱ्याशी आले. बंधारा नव्हता. बीळही नव्हतं. पलीकडच्या दरडीवर साळोजीची बायको दोन ओली पिल्लं घेऊन बसली होती आणि नवऱ्याकडे एकटक बघत होती.

साहेब तिथून मागे वळले.

"हां," साळोजी म्हणाला, "एक राहिलंच."

तात्पर्य: वाहून गेलेलं घर पुन्हा बांधता येतं. चहाच्या आधी मुद्द्यावर आलेल्याला मात्र पुन्हा कोणी चहाला बोलावत नाही.