तिसऱ्या मजल्यावरची श्रद्धांजली

माजी आमदार साहेब तिसऱ्या मजल्यावर पोहोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती आणि हातातलं पांढऱ्या फुलांचं चक्र वाकडं झालं होतं. लिफ्ट बंद होती, आणि पीए खाली गाडीला जागा शोधत होता. एका दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला, आतून हुंदका ऐकू आला, आणि साहेबांनी घर ओळखलं. मयताचं घर ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

त्यांची सगळी कारकीर्दच अशा घरांवर उभी होती. रस्ते राहिले, पाणी राहिलं, पण मयत कधी चुकलं नाही. "लग्नाला कोण आलं ते लोक विसरतात, मयताला कोण आलं ते नाही," असं ते पीएला सांगत. त्या जोरावर दोनदा निवडून आले. मग दोनदा पडले, तरी सवय सुटली नाही. रोज सकाळी पीए गेलेल्यांच्या नावांची चिठ्ठी त्यांच्या खिशात घालायचा. यंदा तिकिटांची यादी आठवड्यावर आली होती, त्यामुळे एकही घर सोडायचं नव्हतं.

दार उघडणाऱ्या बाईला साहेबांना पाहून रडूच फुटलं. "आलात साहेब! तीन महिने हे म्हणतायत, साहेब येणार म्हणजे येणार. मीच म्हणायचे, कशाला येतायत ते!"

साहेबांनी रडणं ऐकलं, शब्द ऐकले नाहीत. घरच्यांचं बोलणं ऐकत बसलं तर दिवसात चार घरं होत नाहीत.

आत नातेवाईक भिंतीला टेकून उभे होते. खाटेवर चादरीखाली एक माणूस डोळे मिटून पडला होता, अगदी वाळून गेलेला. साहेबांनी चक्र त्याच्या पायाशी ठेवलं, हात जोडले आणि स्वतःही डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी त्यांचा गळा लवकर भरून यायचा.

"आमचा वाघ गेला! पक्षाचा खांब कोसळला! परवाच मी म्हटलं होतं, वाघा, तब्येतीला जप. ऐकलं नाहीस रे! पण काळजी करू नकोस. तुझ्या कुटुंबाला मी वाऱ्यावर सोडणार नाही..."

"साहेब," खाटेवरून आवाज आला, "मी आहे अजून."

साहेबांनी डोळे उघडले. चेहरा ओळखीचा होता. पंचवीस वर्षं त्यांची पोस्टरं चिकटवणारा, सभेचा माइक लावणारा तो कार्यकर्ता. पण साहेबही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

"अरे वाघा! तुला हसवायला केलं रे! तू कुठला जातोस!"

खोलीचा जीव भांड्यात पडला. आजारी माणूस हसला, खोकला, पुन्हा हसला. बघ, आले की नाही, अशा नजरेने त्याने बायकोकडे पाहिलं. तीन महिन्यांत तो इतका खूश कधी दिसला नव्हता.

"साहेब, एक मागू? तुम्ही सगळ्यांनाच वाघ म्हणता. एकदा नावाने हाक मारा. हिच्यासमोर."

साहेबांचा हात आपसूक खिशात गेला. चिठ्ठीवर नाव होतंच. ओझरती नजर टाकून त्यांनी ते मोठ्या प्रेमाने उच्चारलं.

कुणीच हसलं नाही.

"ते वरचे," बाई म्हणाली. "चौथ्या मजल्यावरचे. सकाळी गेले."

तेवढ्यात पीए दारात धापा टाकत उगवला. "साहेब, इथे कुठे? वर सगळे खोळंबलेत!"

साहेब उठले. गाडीत दुसरं चक्र नव्हतं. त्यांनी वाकून खाटेच्या पायथ्याशी फुलांना हात लावला.

"राहू द्या साहेब," खाटेवरचा तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच फार वाईट होतं. "परत जिने चढायची तसदी नको तुम्हाला."

साहेब रिकाम्या हातांनी वर गेले. थोड्या वेळाने वरच्या खिडकीतून भरल्या गळ्याचा आवाज खाली उतरला. आमचा वाघ गेला, पक्षाचा खांब कोसळला. शब्द न शब्द तोच.

बाईने डोळे पुसले आणि ती खिडकीकडे गेली. "लावून घेऊ का हो?"

"थांब जरा," तो डोळे मिटून म्हणाला. "मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय का, बघू दे."