रंगनाथाची हजेरी

आमच्या आळीत रोज सकाळी सहाला रंगनाथ काठी घेऊन निघतो आणि एकेक दार वाजवतो. काम काही नसतं. "आवाज द्या," एवढंच म्हणतो. आतून माणूस बोललं की पुढं जातो. नाही बोललं तर तिथंच उभा राहतो. नुसतं खोकून भागत नाही. "खोकला नको, शब्द पायजे," असा त्याचा कायदा.

शेजारची सोनाबाई त्याला रोज शिव्या घालते. तो खूश होतो. म्हणतो, "शिवी आली म्हंजी तब्येत ठणठणीत." कोपऱ्यावरचा मेहबूब टेलर अंथरुणातूनच सांगतो, "हाय बाबा, हाय. काल होतो तेवढाच हाय."

रंगनाथ आमच्या भावकीतला. तीस वर्षं पुण्यात कंपनीत होता. बायको वारली, मुलगी लग्न होऊन नाशिकला. पूर्वी आमच्या खुटबावात पुण्याच्या माणसाचा रुबाब काय सांगावा. जत्रेला आला की लोक खुर्ची पुढं करायचे. मुलगा पुण्यात आहे म्हटलं की सोयरीक जमलीच समजा, मग तो तिथं झाडू का मारीना.

कोरोनात सगळं उलटं झालं. पुण्याचं नाव काढलं तरी लोक तोंडावर उपरणं ओढायचे. आम्ही वेशीवर बाभळीच्या काट्या टाकल्या. मीही टाकल्या, खोटं कशाला सांगू. त्या काट्यांपुढं एक दिवस रंगनाथ येऊन उभा राहिला, एक बॅग आणि एक कुकर घेऊन. त्याला चौदा दिवस शाळेत ठेवला. त्या शाळेत मी सगळा मिळून तेवढाच बसलो असेन.

आता पुणेवाले परत गाड्या घेऊन येतात, रानाच्या कडेला प्लॉट बघतात, हवा लई छान आहे म्हणतात. आम्हीही पुन्हा खुर्च्या देतो. रंगनाथ मात्र माघारी गेला नाही. महामारी गेली आणि याची हजेरी सुरू झाली.

मला तिचा राग. पंचाहत्तरी ओलांडली, सरपंचाला कधी उत्तर दिलं नाही, आणि याला रोज सकाळी "हाय" म्हणू? एकदा घरची भांडगावला भावाकडं गेली होती. म्हटलं, आज बोलायचंच नाही.

दार वाजलं. "आबा, आवाज द्या."

मी बशीत चहा ओतला.

"आबा?"

मी फुंकर घातली, तीसुद्धा बेतानं.

काठी दाराला टेकल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाला, "आबा, नुसतं हूं म्हणा. आज चालंल."

मी जीभ दातांखाली धरली. तो पळत गेला. मी म्हटलं, जिंकलो. दुसरी बशी भरतोय तर डोक्यावर धाडधाड आवाज. पत्रा वर उचलला गेला आणि फटीतून रंगनाथाचं तोंड आत आलं. तो माझ्याकडं बघतोय, मी बशी धरून त्याच्याकडं.

"बोलला का न्हाई?"

"माझं घर हाय. माझी मर्जी."

त्याला मग खाली उतरताच येईना. दोन्ही हातांनी पत्रा धरून बसला. मेहबूबनं शिडी धरून एकेक पायरी उतरवला. तोवर सोनाबाई पिठाच्या हातानं आली होती. मला बघून म्हणाली, "म्हातारा धडधाकट हाय. उगं चुलीवरची भाकर करपवली."

दुपारी मी तावातावानं त्याच्या घरी गेलो. म्हणालो, "पत्रा बसवून दे. आन् उद्यापासनं हे दारं वाजवणं बंद. न्हाईतर मी आळी गोळा करीन." केली असती. आळी माझं ऐकते.

तो स्टोव्ह पेटवत होता. म्हणाला, "पत्रा बसवतो. शिव्या घाला, काठी मोडा. पण हे बंद करू नका आबा."

"का पण? कोण लागतो तू आमचा? शिपाई?"

मग तो बोलला. पुण्यात त्याच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त मास्तर एकटे राहायचे. अकरा वर्षं समोरासमोर, पण जिन्यात मान हलवण्यापलीकडं ओळख नाही. लॉकडाऊनमध्ये मास्तरांच्या कडीला दुधाची पिशवी लटकलेली दिसली. दुसऱ्या दिवशी दोन दिसल्या.

"मला वाटलं, झोपले असतील. आपण कशाला कुणाच्या घरात डोकवायचं," रंगनाथ म्हणाला. "तिसऱ्या दिवशी दार तोडलं. आबा, माझ्या दारापासनं त्यांचं दार पाच पावलं हुतं."

इकडं तिकडं बघता बघता त्याच्या दाराकडं लक्ष गेलं. आतली कडी काढून टाकलेली. खिळ्यांची चार भोकं तेवढी राहिलेली.

"कडी कुठं गेली रं?"

"मीच काढली."

"रात्रीचा चोर शिरंल की."

"शिरू द्या," तो हसत चहाचा डबा शोधत म्हणाला. "त्याला तरी कळंल."

मी पत्र्याचं भांडण घेऊन गेलो होतो. भिंतीला टेकून खाली बसलो. म्हणालो, "साखर कमी टाक. आन् सावकाश कर, मला कुठं जायचं न्हाई."