शॉर्टीच्या तीनला आमचे बारा वाजले

"आपल्या मिडफिल्डचं दुखणं मी एका घड्याळात बरं करून दाखवतो!" मोसमाच्या सुरुवातीला कमिटीसमोर टेबलावर मूठ आपटून मी हे जाहीर केलं, आणि माझ्या ग्लासातली बिअर अध्यक्ष नेव्हिलच्या मांडीवर सांडली. खरं तर तिथेच मला काहीतरी कळायला हवं होतं.

मी मर्व ट्रेविन, बुलारूक फुटबॉल क्लबचा कोच. आमच्याकडचा फुटबॉल पायांइतकाच हातांनीही खेळतात. गेल्या मोसमात आम्ही एकही सामना जिंकलो नाही. याही मोसमात भोपळाच पदरात पडला, तर आमचा क्लब शेजारच्या यारविल्कमध्ये विलीन करायचा, असं लीगनं स्पष्ट कळवलं होतं. म्हणजे आमची लाल-पिवळी जर्सी जाणार आणि आमची पोरं जांभळी घालणार. जांभळी! माझ्या वडिलांनी यारविल्कच्या माणसाकडून कधी ट्रॅक्टरचा बोल्टसुद्धा उसना घेतला नव्हता.

घोडं अडत होतं मधल्या मैदानात. अंपायर चेंडू जमिनीवर आपटून उंच उडवतो, दोन्हीकडचे ताडमाड गडी त्याच्यासाठी झेपावतात आणि आपापल्या चपळ बुटक्यांकडे तो टोलावतात. त्या ताडमाड गड्याला म्हणायचं रकमन. आमचा रकमन सहा फूट आठ इंच, म्हणून अख्खं गाव त्याला शॉर्टी म्हणतं. तो हार्वेस्टर चालवतो आणि सांगितलं ते मुकाट्यानं करतो. उडीत त्याला कोणी हरवत नव्हतं, पण चेंडू मारायचा कुठे, हे काही त्याला कळत नव्हतं.

"हे बघ शॉर्टी," मी म्हणालो, "मैदान म्हणजे घड्याळ. आपल्याला जिथे गोल करायचाय ते टोक बारावर. मी बाहेरून 'तीन' ओरडलो की चेंडू तीनला मारायचा. आपला बुटका डॅरिल तिथे उभा असेल. कळलं?"

"मर्व, मला काट्यांचं घड्याळ कळत नाही. मी फोनवर आकडे बघतो."

"मग आपल्या क्लबच्या बारमध्ये भिंतीवर टांगलंय ना, ते पाठ कर!"

बिचाऱ्यानं पाठ केलं. चार संध्याकाळी तो लिंबूपाणी घेऊन घड्याळासमोर बसला होता. मला इतकं भरून आलं!

पहिला सामना. मी ओरडलो, "तीन!" शॉर्टी उडाला, चेंडूला सुरेख टोला हाणला, आणि चेंडू गेला थेट नऊला, प्रतिस्पर्ध्याच्या हातात!

"डॅरिल, लेका, होतास कुठे?"

"तीनला! तू सांगितलंस तिथेच!"

"मग चेंडू तिकडे कसा गेला?"

"ते चेंडूला विचार!"

सलग चौदा सामने हेच! बाराला मारलेला चेंडू मात्र बरोबर यायचा, त्यामुळे तर माझं डोकं आणखीच फिरलं. डॅरिल धंद्यानं प्लंबर, पायानं वारा आणि तोंडानं कात्री. त्याला मी डोळे तपासायला पाठवलं. डॉक्टर म्हणाले, नजर गरुडासारखी आहे. येताना त्यानं बिल माझ्या नावावर लावलं. मग मी शॉर्टीचे बूट बदलले, सरावाच्या वेळी मैदानाभोवती गाड्या आडव्या लावून हेरांचा बंदोबस्त केला, अंपायरशी भांडलो. काही उपयोग नाही! उलट, मी 'तीन' ओरडलो की समोरचे आता शांतपणे नऊला जाऊन उभे राहायचे. एका संघानं तर मला नाताळाच्या आधीच शुभेच्छापत्र पाठवलं.

शेवटचा सामना यारविल्कशीच. मध्यंतराला आम्ही नऊ गुणांनी मागे. घसा कोरडा पडला म्हणून मी बारमध्ये शिरलो. सहज वर बघितलं आणि हातातला ग्लास तसाच राहिला.

शॉर्टीनं पाठ केलेलं ते घड्याळ उलटं होतं! आरशात बघितल्यावर सरळ दिसावं म्हणून बनवलेलं गमतीचं घड्याळ. तीन डावीकडे, नऊ उजवीकडे, काटेही उलटे फिरणारे. अकरा वर्षं आम्ही सगळे त्याच्यावर वेळ बघत होतो, त्यामुळे ते उलटं आहे हे कोणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं. आणि क्लबला ते भेट कोणी दिलं होतं? मीच!

वेळ थोडा होता. आता शॉर्टीला नव्यानं शिकवणं शक्य नव्हतं, आणि तो ड्रेसिंग रूममध्ये दिसतही नव्हता. मी मिडफिल्डच्या पोरांना कोपऱ्यात घेतलं. "मी तीन म्हटलं की नऊला उभे राहा. का ते विचारू नका!"

"तुला काही विचारणं आम्ही केव्हाच सोडलंय," डॅरिल म्हणाला.

चार डावांतला तिसरा सुरू झाला. "तीन!" आमची पोरं नऊला गेली. सवयीनं यारविल्कवालेही नऊला गेले. आणि शॉर्टीनं चेंडू मारला... तीनला! तिथे चिटपाखरू नव्हतं. चेंडू एकटाच गवतात पडून राहिला आणि सगळे त्याच्याकडे बघत बसले. मग यारविल्कच्या एका पोराला आधी जाग आली.

अंपायरनं पुन्हा चेंडू उडवला. "बारा!" मी किंचाळलो. शॉर्टीनं तो सहाला मारला, म्हणजे सरळ आमच्याच बचावफळीच्या डोक्यावरून. यारविल्कचा गोल, सहा गुण! कुंपणाला लावलेल्या त्यांच्या सगळ्या गाड्यांचे हॉर्न एकदम वाजले. मी टोपी जमिनीवर आपटून तिच्यावर नाचलो.

त्या डावात त्यांनी आणखी एक गोल ठोकला. डाव संपल्यावर मी शॉर्टीची जर्सी धरली, म्हणजे पोटापाशी, कारण कॉलरपर्यंत माझा हात पोचत नाही.

"काय चाललंय हे?"

"मिसेस टींनी सांगितलं," तो म्हणाला.

मिसेस टी म्हणजे ग्लेनिस, माझी बायको. मैदानावरचं कँटीन ती चालवते. शॉर्टीसाहेब मध्यंतराला तिथे मीट पाय, म्हणजे खिम्याचा पॅटिस, खायला गेले होते!

"काय सांगितलं तिनं?"

"की मर्व म्हणेल त्याच्या उलट कर. त्या म्हणाल्या, मी तीस वर्षं तेच करतेय आणि घर छान चाललंय."

पोरं खदखदून हसली. नेव्हिलही हसला. मी मात्र गुणफलकाकडे बघितलं. पंचवीस मिनिटं उरली होती, एकवीस गुणांची पिछाडी होती, आणि माझ्या अंगावर तीच लाल-पिवळी जर्सी होती, जी माझ्या वडिलांनीही घातली होती. ती माझ्याच मूर्खपणामुळे जाणार होती.

"शॉर्टी," मी हरल्या आवाजात म्हणालो, "मी आता काहीच ओरडणार नाही. तुला आपला माणूस दिसतो ना?"

"वरून सगळेच दिसतात."

"मग जो मोकळा दिसेल, त्याच्याकडे मार."

शॉर्टी खाली वाकला. "एवढंच? मग हे आधी का नाही सांगितलंस?"

पुढचं काय सांगू! मी तोंडात रुमाल कोंबून उभा होतो. शॉर्टी उडायचा, डॅरिलच्या ओंजळीत चेंडू ठेवायचा आणि डॅरिल पळत सुटायचा. भोंगा वाजला तेव्हा आम्ही एका गुणानं पुढे होतो! ग्लेनिस चिमटा हातात घेऊनच मैदानात धावली. मी रडलो आणि ते लपवलंही नाही. क्लब वाचला, जर्सी वाचली.

बक्षीस समारंभात मी शॉर्टीला स्वतः निवडून आणलेलं सुंदर मनगटी घड्याळ दिलं आणि शिस्त, नियोजन वगैरे विषयांवर छोटंसं भाषणही केलं. ग्लेनिस सबंध भाषणभर छताकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शॉर्टी दारात हजर. हातात डबी, चेहरा पडलेला.

"मर्व, वाईट वाटून घेऊ नकोस, पण दुकानदारानं तुला फसवलं रे. हे उलटं फिरतंय!"

मी ते मुकाट्यानं परत घेतलं आणि त्याला एक टोपी दिली. समजावत बसलो असतो, तर पुढचा मोसमही गेला असता!