खुडब्यांत ‘जाते’ नसतं

मी देवासात टिकले ती बापूकाकांमुळे, हे आधी सांगते. बाकीचं मागाहून.

बापूकाका माझे घरमालक. पशुदवाखान्यात कंपाउंडर होते. जन्मभर गाई-म्हशींना सुया टोचल्या, आणि रिटायर झाल्यावर स्वतःच्या डोक्यातून एक जनावर काढलं. खुडबा. मांजराएवढा, अक्कल माणसाहून थोडी जास्त. “दिसत का नाही?” विचारलं तर म्हणतात, “तेवढी अक्कल आहे त्याला.”

गल्लीत कुणी काही केलं की काका खुडब्यावर येतात. दूधवाला शेजारणीशी भांडत होता, तर काका मध्येच म्हणाले, “भिया, खुडबे पाठीला पाठ लावून भांडतात. तोंड दिसलं की हसू येतं ना.”

“तुमचा खुडबा दूध पितो का, काका?”

“पितो. बिनपाण्याचं.”

मी निसरपूर गावची. आठवीत शाळा सुटली, तीही हिंदी. इथे शिलाईच्या कारखान्यात लागले आणि पहिल्याच आठवड्यात चाळीस कुडत्यांना बाह्या उलट्या लावल्या. सुपरवायझर म्हणाले, “सोमवारी बघू.” रविवारी सकाळी बॅग भरून काकांच्या दाराशी गेले.

“काका, जाते मी.”

काकांनी पेपर खाली ठेवला. “येते म्हणावं. खुडब्यांत ‘जाते’ नसतं.”

“मला खरंच जायचंय, काका. घरी.”

“मग तर नसतंच. चुकलं की पळायचं, ही खुडब्याची जातच आहे. पण मग म्हातारा खुडबा त्याला घेऊन चुकल्या जागी परत जातो. बोलत काही नाही. नुसता उभा राहतो.”

सोमवारी काका खरंच कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. मी चाळीसही कुडत्यांच्या बाह्या उसवून सरळ लावल्या. जेवणाच्या सुट्टीत पाहिलं तर काका तिथेच, चौकीदाराला खुडब्याची शेपूट केवढी ते हाताने दाखवत होते. नोकरी राहिली.

येताना रिक्षात मी विचारलं, “पण काका, पळालेला खुडबा आलाच नाही तर?”

काका बाहेर बघतच म्हणाले,

“माझा मुलगा बारावीत नापास झाला तेव्हा ‘जातो’ म्हणाला. मी म्हटलं, जा. परत आला नाही. धारलाच असतो म्हणे.” मग हळूच म्हणाले, “तेव्हा मला खुडबा माहीत नव्हता.”

आता मी रोज ‘येते’ म्हणूनच निघते. काका एक ना एक दिवस धारच्या बसमध्ये बसतील. त्या दिवशी सुट्टी घेऊन मी बरोबर जाईन. बोलणार काही नाही. त्यांच्या मुलाच्या दाराशी नुसती उभी राहीन.