वकीलसाहेब झोपले भुईवर

"वकील तीन दिवस राहून आला ना? आपण चार दिवस राहू! त्यानं तिथं शाल पांघरली ना? आपण पांघरणारच नाही!"

नांदेडच्या तहसील कचेरीतले अहलकार, म्हणजे कारकून, अवधूतराव यांनी ही गर्जना भरल्या ताटावरून केली. गर्जनेनंतर त्यांनी आमटीचा असा काही भुरका मारला, की गड्यानं डोंगर सर करून पुन्हा पाटावर येऊन बसल्यासारखं वाटावं.

"बरं," विमलबाई वाढता वाढता म्हणाल्या. "पण कचेरीतून रुखसत मिळेल का?"

"मिळाली! तहसीलदारसाहेबांना सांगितलं, आत्याच्या तब्येतीला हवापालट पाहिजे."

"माझ्या?" कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या धोंडाआत्या कडाडल्या. "माझ्या तब्येतीला काय धाड भरली?"

आत्यांच्या तब्येतीला काहीही झालेलं नव्हतं. दुखणं होतं ते अवधूतरावांच्या पोटात. त्यांच्या आणि शरदचंद्र वकिलांच्या घरांमध्ये एकच भिंत होती, आणि पलीकडे काही नवं आलं की अलीकडे अवधूतरावांचं पोट दुखायला लागायचं. वकिलांनी सायकल घेतली तेव्हा दुखलं. गाणी वाजवणारा फोनो आणला तेव्हा तर ओव्याचा अर्क घ्यावा लागला. पण दसऱ्याच्या सुटीत वकील सहकुटुंब इस्लापूरच्या पुढं कुठल्याशा डोंगरावर, जंगलखात्याच्या बंगल्यात राहून आले, आणि दुखणं हाताबाहेर गेलं.

त्याचं कारण एक वाक्य. वकिलांच्या कुसुमबाई परसदारी उभ्या राहून सांगत होत्या, तिथं भर दुपारी शाल लागते, उशाशी धबधब्याचा आवाज येतो, आणि मोर तर अगदी अंगणात! त्या गेल्यावर विमलबाई तांदूळ निवडता निवडता सहज बोलून गेल्या, "वकीलसाहेबांना हौस आहे हो!"

बस्स! विमलबाईंना ते वाक्य संध्याकाळपर्यंत आठवलंही नसेल. अवधूतरावांना मात्र ते तीन महिने झोपू देईना. लग्नाला इतकी वर्षं झाली, बायकोनं आपल्याबद्दल असा 'हो' कधी लावला होता? भाजी बरी आणलीत, याच्या पुढं तिचं कौतुक कधी गेलं नव्हतं. आता डोंगरावर जायचं, आणि ते वाक्य स्वतःच्या नावानं ऐकूनच खाली उतरायचं!

पौषात निघाले. धोंडाआत्यांनी सोवळ्याची वळकटी, गोवऱ्यांचं पोतं आणि पाणी ठेवायला घरचं पितळी घंगाळ बरोबर घेतलं. मुदखेडला गाडी बदलताना ते घंगाळ एका फौजदाराच्या पायावर पडलं. पण ते सगळं सांगत बसलो तर आपण डोंगरावर पोचणारच नाही.

बंगला म्हणजे नाव मोठं. कुडाच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, पुढं पडवी, आणि चहूकडे सागवान. पण हवा खरोखरच थंड होती, आणि खाली पैनगंगा चमकत होती. अवधूतरावांनी छाती भरून श्वास घेतला. "बघ!" ते विमलबाईंना म्हणाले. जणू डोंगर त्यांनीच आणून ठेवला होता.

तेवढ्यात चौकीदार व्यंकटी आला. मिशा पांढऱ्या, जीभ मात्र तरणीताठी. मुजरा केला आणि विचारलं, "नांदेडहून आले जी?"

"हाव."

"मंग वकीलसाहेबाला वळखत असान! अरारारा! काय मानूस!"

अवधूतरावांचा भरलेला श्वास तिथंच अडकला.

"ह्याच खोलीत व्हते," व्यंकटी वळकट्या आत ठेवत सांगू लागला. "पर पलंगाला हात लावला न्हाई. वकीलसाहेब झोपले भुईवर! मनले, व्यंकटी, जंगलात येऊन गादी कशाला?"

"अगंबाई!" विमलबाई म्हणाल्या. "वकीलसाहेब? दिसत तर नाहीत तसे!"

'दिसत तर नाहीत तसे' यातला कौतुकाचा वास अवधूतरावांच्या नाकात बरोबर शिरला. त्यांनी पलंगावरची गादी उचलली आणि आत्यांच्या बाजेवर टाकली. "मीही भुईवरच झोपतो. मला तर सवयच आहे!"

"कधीपासून?" विमलबाईंनी विचारलं.

सकाळी अवधूतराव उठले ते काटकोनात. कंबर सरळ होईना, मान डावीकडे वळेना. पण चेहरा हसरा ठेवून ते पडवीत आले, तर व्यंकटी चूल पेटवत होता.

"पानी तापवू का साहेब? वकीलसाहेबाला लागलं न्हाई. ते ह्या टायमाला वढ्यात डुबकी मारून, वल्ल्या धोतरानं सूर्याला पानी देत व्हते!"

"इतक्या थंडीत?" विमलबाईंचे डोळे मोठे झाले. "धन्य आहे बाई!"

अवधूतराव ओढ्याकडे निघाले. "अहो, काय करून राहिलात? पाणी तापतंय ना!" विमलबाई ओरडल्या. पण धन्य व्हायला निघालेला माणूस मागं वळून बघतो का? ओढ्यात पहिला पाय टाकला आणि तोंडातून सूर्याचं नाव निघायच्या ऐवजी आईचं निघालं. परत आले तेव्हा दात असे वाजत होते, की व्यंकटीच्या कोंबड्या खुराड्यातून बाहेर येऊन बघू लागल्या.

"कसं होतं पाणी?" विमलबाईंनी विचारलं.

"को-को-कोमट!" अवधूतराव म्हणाले, आणि लागोपाठ शिंकत सुटले.

दुपारी व्यंकटीनं परड्यातल्या मिरच्या आणून दिल्या. विमलबाईंनी ठेचा केला. विमलबाईंनी कणभर घेतला. आत्यांनी लांबूनच वास घेतला.

"वकीलसाहेब," पडवीच्या पायरीवरून व्यंकटीचा आवाज आला, "ठेचा असा भाकरीवर थापून खायचे. डोळ्यातून टिपूस न्हाई!"

अवधूतरावांनी ठेचा थापला. पुढच्या घटकाभरात काय झालं, ते त्यांना स्वतःलाही नीट सांगता येत नाही. कानातून वारा सुटला, टाळू सुन्न झाली, आणि डोळ्यांतून धारा लागल्या.

"तिखट आहे का हो?" विमलबाईंनी काळजीनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

अवधूतरावांनी जोरात मान हलवली. "धू... धूर गेला!"

"चूल विझून किती वेळ झाला," आत्या म्हणाल्या. "अवधूता, तुला कुणी झपाटलंय का रे?"

झपाटलंच होतं. वकिलांनी! उठता वकील, बसता वकील. ज्या माणसापासून चार दिवस दूर राहायचं म्हणून इतका खटाटोप केला, तो माणूस इथं प्रत्येक झाडामागून डोकावत होता. आणि विमलबाई? त्या आता आपणहून विचारायला लागल्या होत्या! "व्यंकटी, वकीलसाहेब त्या टेकाडावर पण चढले होते का रे?" नुसती चौकशीच होती हो ती, बाईमाणसाला गोष्टी ऐकायला आवडतात. पण अवधूतरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा शिंकून शिंकून अर्धा झालाय, आणि ही वकिलाची विचारपूस करते!

तिसऱ्या दिवशी बंगल्यामागच्या उंबरावर व्यंकटीनं मोहोळ दाखवलं. दाखवून गप्प बसला असता तर बरं झालं असतं.

"आन् त्या पलीकडच्या झाडाचं मोहोळ वकीलसाहेबानं सोत्ता उतरवलं. मला मनले, तू बाजूला हो!"

विमलबाई काही बोलायच्या आत अवधूतराव आत गेले. बाहेर आले ते कचेरीची शेरवानी गळ्यापर्यंत बंद करून, एका हातात तपेली आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन.

"साहेब, थांबा जी," व्यंकटी घाबरला. "धूर द्यावा लागतो आधी..."

"वकिलानं दिला होता?"

व्यंकटी अडखळला. "त्यांनी... त्यांची गोष्ट येगळी व्हती."

त्यांची गोष्ट वेगळी! एवढं ऐकल्यावर अवधूतराव ब्रह्मदेवानं अडवलं असतं तरी थांबले नसते. दुखऱ्या कमरेनं ते उंबरावर चढले, तपेली फांदीला अडकवली, आणि छत्रीची मूठ मोहोळाच्या फांदीत घालून एक हिसका दिला.

मग छत्री खाली आली. तपेली खाली आली. त्या दोघींना मागं टाकून अवधूतराव खाली आले. माश्यांचा लोट बंगल्याकडे धावला, कारण अवधूतराव बंगल्याकडे धावत होते.

"अगं आई गं! मेलो! मेलो!"

पडवीत धोंडाआत्यांनी सोवळ्यात भरून ठेवलेलं घंगाळ होतं. अवधूतरावांनी इकडे पाहिलं नाही, तिकडे पाहिलं नाही. खांद्यापर्यंत डोकं त्या घंगाळात घातलं.

"माझं पाणी!" आत्यांनी अशी किंकाळी फोडली, की माश्यासुद्धा क्षणभर बिचकल्या असाव्यात. "बाटवलंन् मेल्यानं! बाहेर काढ तोंड!"

अवधूतराव तोंड काढायचे, माशी डसायची, की पुन्हा घंगाळात!

धावपळ न करता काम केलं ते एकट्या विमलबाईंनी. चुलीतल्या पेटत्या गोवऱ्या त्यांनी फुटक्या खापरात घेतल्या, वर ओला पालापाचोळा टाकला, आणि तोंडाला पदर बांधून धुरासकट सरळ माश्यांच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. नवऱ्यावर ओलं घोंगडं टाकलं. माश्या पांगल्या. एवढ्यावर न थांबता त्या तेच खापर घेऊन उंबराखाली गेल्या आणि व्यंकटीला म्हणाल्या, "आता एवढं झालंच आहे, तर मध तरी पदरात पडू दे. चढ!"

बरणीभर मध निघाला. व्यंकटी विमलबाईंकडे बघतच राहिला. घोंगड्याखालच्या अवधूतरावांना मात्र यातलं काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी इस्लापूरच्या ठेसनावर ते गाडीची वाट बघत बसले होते. अवधूतरावांचा एक डोळा बंद होता आणि ओठ पुरीसारखे टम्म फुगले होते. आत्या बोलत नव्हत्या. व्यंकटी सामान पोचवायला आला होता आणि घंगाळ सांभाळत लांब बसला होता.

मुदखेडकडून येणारी गाडी आधी आली, आणि तिच्यातून कोण उतरावं? शरदचंद्र वकील आणि कुसुमबाई!

"अवधूतराव? तुम्हीच का हे?" वकिलांनी त्यांना कचेरीच्या शेरवानीवरून ओळखलं. मग बाजूला घेऊन हलकेच विचारलं, "व्यंकटीनं तुम्हालाही छळलं वाटतं?"

"म्हणजे?"

"अहो, मागच्या खेपेला त्यानं मला हैराण केलं! आमच्या आधी कुणी हदगावचे डॉक्टर येऊन गेले होते म्हणे. डॉक्टर भुईवर झोपले, डॉक्टरांनी ओढ्यात डुबकी मारली, डॉक्टरांनी मोहोळ उतरवलं..."

"आणि तुम्ही?"

"मी कशाला करतो? गादीवर पडून होतो तीन दिवस! गरम पाण्यानं आंघोळ. पण कुसुम अजून 'डॉक्टर, डॉक्टर' करते हो! रात्रंदिवस डोक्यात तेच. म्हणून पुन्हा आलो. आता करूनच दाखवतो."

अवधूतरावांना पहिल्यांदा राग आला. मग हसू आलं. आणि मग सुजलेल्या डोक्यात लख्ख उजेड पडला. व्यंकटी गेलेल्या पाहुण्याचं गुणगान नव्या पाहुण्यापुढं करतो! म्हणजे आता वकिलाच्या कानीकपाळी, कुसुमबाईंच्या देखत, चार दिवस कुणाचं नाव वाजणार? पोटातलं दुखणं कुठल्या कुठं पळालं. मोहोळाबद्दल वकिलाला सावध करावं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ओठ सुजले होते ना!

त्यांनी व्यंकटीला गाठून त्याच्या मुठीत भरघोस बक्षिसी कोंबली. "नाव लक्षात राहील ना? अवधूतराव. तहसिलातले."

"फिकर नगा करू जी," व्यंकटी म्हणाला. "समदं सांगतो. इसरण्यासारखं हाय का ते?"

नांदेडला येऊन अवधूतराव भिंतीला कान लावून बसले. वकील परतल्याचा आवाज येताच पानाचा डबा घेऊन गेले. वकील पायाला हळदीचा लेप लावून पडले होते आणि त्यांचंही नाक चांगलंच सुजलं होतं. त्यांनी अवधूतरावांकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. अवधूतरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"मग कुसुमवहिनी? व्यंकटी काही बोलला का?"

"बोलला का म्हणून काय विचारता! उठता बसता एकच नाव. शेवटी ह्यांनी कानात बोळे घातले."

"असं? कुणाचं बरं?"

"विमलताईंचं!" कुसुमबाईंनी हात जोडले. "त्या भुईवर झोपल्या, पहाटे ओढ्यात न्हाल्या, भाकरीवर ठेचा थापून खाल्ला, आणि मोहोळ तर काय एकटीनं उतरवलं! ह्यांचा पाय तिथंच तर मुरगळला. विमलताई धीराच्या आहेत हो!"

अवधूतरावांच्या हातातला डबा कलला. "आणि... माझं काही?"

"तुमचं?" कुसुमबाईंनी आठवून पाहिलं. "हां! म्हणाला, बाईसाहेबांसंगं एक मालक बी व्हते. ते घंगाळात तोंड घालून बसायचे."

अवधूतराव पान न खाताच घरी आले. भुई त्यांची, ओढा त्यांचा, ठेचा त्यांचा, आणि नाव बायकोचं! आता जळायचं तरी कुणावर? भिंतीपलीकडच्यावर जळायची सवय, आणि हिच्यावर जळायचं तर ही समोरच बसून मेथी निवडत होती.

"काय म्हणत होते वकीलसाहेब?" विमलबाईंनी विचारलं.

"काही नाही. हवा चांगली आहे म्हणाले." आणि अवधूतराव सणसणून शिंकले.

विमलबाई उठल्या. बरणीतला चमचाभर मध काढून त्यांनी नवऱ्याच्या तळहातावर ठेवला आणि हसून म्हणाल्या, "काही म्हणा, तुम्हाला हौस आहे हो!"

ज्या वाक्यासाठी एवढा डोंगर चढले, ते वाक्य आलं होतं. अगदी 'हो'सकट! पण अवधूतरावांना आता 'हौस' नको होती, कुसुमबाईंनी विमलबाईंना दिलेला तो 'धीर' हवा होता. त्यांनी मध चाटला. मध फार गोड होता, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.